देवीदासच्या हयातीचा दाखला

अमरावतीच्या लेखानगरात नवरात्राची तयारी पितृपक्षातच सुरू व्हायची, आणि ती घटाच्या मातीपासून नव्हे, चतुराबाईपासून व्हायची. इकडे लोक पितरांना घास टाकत असायचे आणि तिकडे जिन्याखाली, गेटापाशी, दबक्या आवाजात विचारणा चालायची. "चतुराबाई, पाचव्या माळेले कोणाकडं हा? सातवी मोकळी हाये का?" शुभकार्याचं बोलणं पितृपक्षात करू नये हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण उशीर केला तर चतुराबाई दुसरीकडं जाते, हे त्याहून जास्त ठाऊक होतं.

चतुराबाई ही कॉलनीची सवाष्ण. तशा सवाष्णी घरोघरी होत्या, पण त्यांच्यातली एक नऊ दिवस भगर आणि पाण्यावर राहायची, दुसरीला साखर निघालेली, तिसरी पोळीकडे बघून मनातल्या मनात वजनकाट्यावर चढायची आणि चौथीची सुट्टीच साडेसहाला व्हायची. देवीच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची तर तिनं पाटावर मांडी घालून बसलं पाहिजे, पुरणाची पोळी तुपात बुडवली पाहिजे, कढीचा भुरका मारला पाहिजे, "अजून एक वाढ वं" असं तोंडानं मागितलं पाहिजे आणि उठताना घराला भरभरून आशीर्वाद दिला पाहिजे. हे सगळं मन लावून करणारी बाई त्या साऱ्या कॉलनीत एकच उरली होती. वय बासष्ट, अंगानं शिडशिडीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिला जेवताना पाहून देवी तृप्त होत असेल-नसेल, पण वाढणाऱ्याला तरी आपण काहीतरी केलं असं वाटायचं.

वर्षभर हीच चतुराबाई कॉलनीतल्या चार घरांत पोळ्या लाटायची. ओट्याशी उभी राहायची, चहा मिळाला तर उभ्यानंच प्यायची. कोणी तिला बस म्हणत नसे आणि तीही बसत नसे. नवरात्र लागलं की त्याच घरातल्या त्याच बाया तिचे पाय धुवायच्या, ओटी भरायच्या, वाकून नमस्कार करायच्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा, "मावशी, आज पोळ्या जरा जाड झाल्या." चतुराबाईला याचा राग नव्हता. वर्षभर आपण ज्यांच्यासाठी लाटतो त्यांनी नऊ दिवस आपल्याला गरम वाढावं, एवढ्यासाठी ती वर्ष काढायची, आणि हे ती कोणापाशी बोलली नसली तरी खरं होतं.

या सगळ्याचा आधार होता तिचा नवरा, देवीदास.

देवीदास घरात होता तोवर चतुराबाईच्या उपयोगी पडला असा एकही प्रसंग तिला आठवत नव्हता. तो सूतगिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा बाकीचे कामगार रडले आणि हा घरी येऊन शांत झोपला. बावीस वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, "तेल्हाऱ्याले जिनिंगमदी काम हाये, जाऊन येतो," असं म्हणून तो पिशवी घेऊन निघाला. त्यातलं जातो म्हटलं ते त्यानं केलं, येतो म्हटलं ते राहून गेलं.

पण गेल्यानंतर मात्र तो फारच कामाचा निघाला. घरात असता तर त्याला रोज रांधून घालावं लागलं असतं आणि वर त्याची बोलणी खावी लागली असती. आता तो तिकडे कुठंतरी नुसता श्वास घेत होता, आणि त्या श्वासावर इकडे चतुराबाईचं कुंकू, तिचं मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या आणि नऊ घरची नऊ पानं चालू होती. दर नवरात्रात ती अंबादेवीची ओटी भरायची आणि हात जोडून एकच मागायची, "माय, त्याले जिता ठेव. पण तिकडंच ठेव." सात वर्षांपूर्वी एका ओळखीच्या कंडक्टरनं तिला सांगितलं होतं की देवीदास तेल्हाऱ्यात एका गादीच्या दुकानात दिसला. त्यानंतर काही नाही. बातमी नाही म्हणजे माणूस आहे, असा चतुराबाईचा कायदा होता, आणि तो तिनं कधी तपासून पाहिला नव्हता.

तिला स्वतःला मूलबाळ झालं नाही. तरी तिच्या आशीर्वादाला गुण आहे यावर कॉलनीत दुमत नव्हतं. वामनराव हे सरकारी हिशेबाच्या कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ आणि लेखानगरच्या नवदुर्गा उत्सव मंडळाचे अध्यक्ष. त्यांची सून माधवी, लग्नाला नऊ वर्षं होऊन घरात पाळणा नव्हता. तीन वर्षांपूर्वी अष्टमीला त्यांनी चतुराबाईला जेवू घातलं, तिनं माधवीच्या डोक्यावर हात ठेवून "भरल्या वटीनं राह्य" म्हटलं, आणि पुढच्याच पावसाळ्यात आचल झाली. नागपूरच्या डॉक्टरकडे चार वर्षं खेटे घातले होते, त्यांचं नाव मग कोणी काढलं नाही. तसंच एकाचा पोरगा त्यानंतरच्या वर्षी बँकेत लागला आणि एकाची गडचिरोलीहून बदली झाली. सगळ्या यशाचं मूळ चतुराबाईच्या पानात होतं.

यंदा मंडळाचं पंचविसावं वर्ष होतं. अष्टमीला सगळ्या कॉलनीचं जेवण करायचं, त्याआधी मांडवात देवीसमोर एका सवाष्णीचे पाय धुवायचे, तिला पहिलं पान वाढायचं आणि तिनं घास घेतल्यावरच पंगत बसवायची, असं ठरलं. सवाष्ण कोण हे ठरवायची गरजच नव्हती. पण दुसऱ्या माळेच्या बैठकीत नव्यानं राहायला आलेल्या एका भाडेकरूनं सहज विचारलं, "यांचे मिस्टर काय करतात?" आणि वामनरावांची लेखणी थांबली. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी बिनकागदाची एक गोष्ट पुढे सरकू दिली नव्हती, आणि इथं एक अख्खा नवरा बिनकागदाचा पुढे चालला होता.

त्यांनी चतुराबाईला मांडवात बोलावलं.

"चतुराबाई, तुमचे यजमान कुठं असतात सध्या?"

"तेल्हाऱ्याले."

"हयात आहेत ना?"

"हाव त. काहून नसतीन?"

"तसं नाही. पण मी पाहा, दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो. मी सोता त्यांच्या खिडकीसमोर उभा राहतो, तरी म्हणतात दाखला आणा. मंग जो माणूस समोर बी नाही त्याचा दाखला नको काय?"

"मंग काय आणू साहेब?"

"एक फोटो आणा. हातात त्या दिवसाचा पेपर धरलेला पाहिजे, तारीख दिसली पाहिजे. सप्तमीपर्यंत. नाहीतर मंडळाले दुसरी व्यवस्था पाहावी लागल. देवीचं काम आहे, राग नका मानू."

चतुराबाईनं राग मानला नाही, ती घाबरली. दुसरी व्यवस्था म्हणजे काय ते तिला कळत होतं. अष्टमीचा पाट गेला की बाकीच्या आठ घरांचे पाटही जाणार, यंदाचेच नव्हे तर कायमचे. मग ती नुसती पोळ्या लाटणारी बाई उरणार होती, बाराही महिने.

पाचव्या माळेला तिनं पहाटे चारही घरच्या पोळ्या उरकल्या, त्या दिवशी जिथं जेवायचं होतं त्यांना निरोप दिला आणि अर्ध्या तिकिटात अकोल्याच्या गाडीत बसली. अकोल्याला गाडी बदलून तेल्हाऱ्याला पोचली तेव्हा दुपार झाली होती. स्टँडवर तिनं पहिलं काम केलं ते पेपर विकत घेण्याचं. फोटो काढायला शेजारणीचा मोबाईल मागून आणला होता. देवीदासला भेटल्यावर काय बोलायचं तेही पाठ होतं, कारण बावीस वर्षं ती तेच घोकत होती. ते बोलून झालं की त्याच्या हातात पेपर द्यायचा, फोटो काढायचा आणि परतीची गाडी पकडायची, असा बेत होता.

गादीचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. अब्दुल सत्तार नावाचे म्हातारे पिंजारी दारात खुर्ची टाकून बसले होते. आत यंत्रावर कापूस पिंजला जात होता आणि त्यांच्या भुवयांवरही कापूस बसला होता.

"देवीदासभाऊ?" ते उठून उभे राहिले. "बैठो बाई, बैठो. तुमी बहीण काय त्याची?"

"बायको."

अब्दुल सत्तारांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या कुंकवाकडे पाहिलं, आणि आतल्या माणसाला यंत्र बंद करायला सांगितलं. "त्याची बायको त मागच्या गल्लीत राह्यते," असं ते म्हणून गेले. मग त्यांनी चप्पल पायात सरकवली. "माह्या तोंडून नको बाई. चला, मीच सोडतो तिथवर."

मागच्या गल्लीतलं घर एका खोलीचं होतं. पन्नाशीची एक बाई चुलीपाशी बसली होती. अब्दुल सत्तार दारातूनच म्हणाले, "भावना, अमरावतीच्या पाहुण्या आल्या," आणि मागं न पाहता निघून गेले. पण चतुराबाईला कोणी काही सांगायची गरज राहिली नव्हती. समोरच्या भिंतीवर देवीदासचा फोटो होता आणि फोटोला प्लास्टिकच्या फुलांचा हार होता. फोटोत तो हसत होता. हा माणूस हसतो, हे चतुराबाईला पहिल्यांदाच कळलं.

तिला रडू आलं नाही. आधी संताप आला, की मरायचं तर मरायचं, कळवायची तरी रीत आहे. मग भीती वाटली. हातातला पेपर तिनं पदराखाली लपवला.

"कवा?" तिनं विचारलं.

"तीन वर्सं झाले," भावना म्हणाली. तिचं कपाळ मोकळं होतं, हातात बांगडी नव्हती. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. छातीत दुखून राह्यलं म्हणे. मी पाणी आणेस्तोवर गेला."

चतुराबाईनं मनाशी मोजलं. पोळ्यानंतर महिन्या-सव्वामहिन्यानं नवरात्र. म्हणजे तीन नवरात्रं, नऊ-नऊ घरं, सत्तावीस पानं, आणि वर यंदाची चार, ती विधवा होऊन जेवली होती.

"तुले माहीत होतं, मी हाये म्हून?"

"हाव. तो सांगे."

"मंग सांगावा काहून नाही धाडला?"

भावनानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "सत्तारभाई म्हणत होते, कळवू. मीच नाही म्हटलं. बाई, मले इथं नवरात्रात पाच घरं जेवायले बोलवत. मी पह्यल्या माळेपासून वाट पाहो. तो गेला अन् त्या वर्सी एकानं बोलावलं नाही. जिच्या घरी दहा वर्सं जेवली तिनं रस्त्यात तोंड फिरवलं. म्हटलं, तिकडं एकजण त पाटावर बसत असन, बसू द्या तिले. मी पुसलं ते दोघीचं पुसलं, असं समजा."

बावीस वर्षं घोकलेलं भांडण चतुराबाईनं शोधून पाहिलं. ते सापडलं नाही.

भावनानं पेटीतून एक कागद काढला. देवीदासच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स होती. "हे घेऊन जा. सरकार मले त्याची बायको मानत नाही अन् गल्ली मले त्याची विधवा मानते. माह्या काही कामाचं नाही. तुमाले निराधारची पेन्शन भेटल." मग तिनं फळीवरून पाट काढून मांडला. "आता बसा. ललितापंचमी हाये. सवाष्ण उपाशी नाही जाऊ देत आमी."

"मी कुठची सवाष्ण वं आता?"

"बसा म्हटलं."

चतुराबाई बसली. तिची खरी स्थिती पक्की माहीत असून तिला पाटावर बसवणारी त्या एवढ्या वर्षांत ही पहिलीच बाई. भावना पोळ्या करत होती. बोलण्याच्या नादात एक पोळी तव्यावर करपली, तेव्हा तिनं ती न बोलता वेगळी काढून फोटोखाली ठेवली. चतुराबाईचा हात ताटात थांबला.

"करपलेलीच मांगे तो," भावना म्हणाली.

"माह्याकडं बी मांगे," चतुराबाई म्हणाली.

त्या माणसाविषयी दोघींचं एकमत झालं असं हे एवढंच होतं.

मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा गाडीत चतुराबाईला एकदम हुंदका आला आणि मग तो थांबेना. शेजारच्या बाईनं पाठीवर हात ठेवला. "काय झालं वं माय?"

"मानूस गेला."

"अरे देवा. कवा?"

"आजच," चतुराबाई म्हणाली.

त्या बाईनं तिच्या कुंकवाकडे पाहिलं, हात काढून घेतला आणि खिडकीकडे जरा सरकून बसली.

सप्तमीला चतुराबाई अंगावरून पाणी घेऊन आरशासमोर उभी राहिली तेव्हा खोटं बोलायचं पक्कं ठरलं होतं. भावनानंच तशी मोकळीक दिली होती. देवीदास आहे, ठणठणीत आहे, पण फोटो काढू देत नाही, जन्माचा हट्टी आहे. एवढं म्हटलं की झालं. कुंकू तिनं नेहमीसारखंच लावलं आणि मांडवात गेली. मंडळाची सात माणसं टेबलाभोवती बसली होती. माधवी प्रसादाच्या द्रोणांची थप्पी लावत होती आणि आचल टिपऱ्या घेऊन खुर्च्या बडवत होती.

"या चतुराबाई," वामनराव प्रसन्नपणे म्हणाले. "काय म्हणतात मग देवीदासराव?"

देवीदासला उभ्या जन्मात कोणी राव म्हटलं नव्हतं. सूतगिरणीत तो देव्या होता, घरी तो नुसता 'ऐकलं का' होता. आज पहिल्यांदा त्याला कोणी मान दिला आणि तो घ्यायला तो नव्हता. चतुराबाईच्या ओठावर आलेलं खोटं तिथंच अडकलं. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि झेरॉक्स टेबलावर ठेवली.

"गेले ते," ती म्हणाली. "तीन वर्सं झाले. मले आता कळलं. मी मुद्दाम नाही जेवली साहेब, देवीची आण."

वामनरावांनी चष्मा लावून कागद वाचला. तारीख पाहिली. बोटांवर महिने मोजले, पुन्हा तारीख पाहिली, आणि मग त्यांची नजर आचलवर गेली. माधवीनं द्रोण खाली ठेवून पोरीला उचलून घेतलं. ज्याचा मुलगा बँकेत लागला होता त्यानं कपाळावरचा घाम पुसला. गडचिरोलीहून बदलून आलेले गृहस्थ म्हणाले, "म्हणजे आपली ती सगळी..." आणि पुढचं कोणी त्यांना बोलू दिलं नाही.

प्रश्न आता चतुराबाईचा राहिलाच नव्हता. ती विधवा असली तर तीन वर्षांची नवरात्रं बाटली होती. बाटली होती तर देवी कोपायला हवी होती. ती तर कोपली नव्हती, उलट देत सुटली होती. मग एकतर देवीला यातलं काही कळत नव्हतं, नाहीतर मंडळाला कळत नव्हतं, आणि ठराव करावा अशी दोन्हींतली एकही गोष्ट नव्हती.

वामनरावांनी घसा साफ केला. "हा कागद मी पाहिला," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज आपोआप कचेरीतला झाला. "एक, ही झेरॉक्स आहे, मूळ प्रत नाही. दोन, हिच्यावर कोणाची साक्षांकित सही नाही. तीन, कोणी एक देवीदास वारला एवढंच हिच्यावरून दिसतं. तो हाच देवीदास, हे कुठं सिद्ध होतं? सबब हा कागद मंडळाले दाखल करून घेता येत नाही."

नोकरीत असताना कागद अपुरा म्हणून त्यांनी कितीतरी जिवंत माणसांना महिनोन्‌महिने मेलेलं ठेवलं होतं. कागद अपुरा म्हणून मेलेल्याला जिवंत ठेवायची वेळ मात्र पहिल्यांदाच आली होती.

"म्हंजे तो जिता हाये?" चतुराबाईनं विचारलं.

"मंडळाच्या दप्तरी, हो," वामनराव म्हणाले. मग खालच्या आवाजात, हात जोडून, "उद्या बारा वाजता या बाई. अन् हे कोठी बोलू नका."

ठराव एकमतानं मंजूर झाला. देवीदास जिवंत राहावा म्हणून सात प्रतिष्ठित माणसांनी एवढी कळकळ दाखवलेली चतुराबाईनं कधी पाहिली नव्हती. तो खरंच जिवंत होता तेव्हा यांतल्या एकानंही त्याची चौकशी केली नव्हती.

अष्टमीला बारा वाजता ती आली. माधवीनं तिचे पाय धुतले, हळदीकुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली. समोर केळीचं पान मांडून पुरणाच्या पोळ्या, कढी, वडे, भात, भाजी वाढली. मांडवाच्या कडेनं अख्खी कॉलनी उभी होती. सवाष्णीनं घास घेतला की पंगत बसणार होती, आणि पुरणाचा वास सकाळपासून सुटला होता.

चतुराबाईनं हात जोडले आणि पानातल्या पोळ्या एकेक उलटून पाहिल्या. तिसरीची एक कड करपली होती. ती पोळी तिनं घेतली, वर थोडा भात, थोडी कढी घातली, द्रोणात ठेवली आणि पाटावरून उठून मांडवाबाहेर गेली. कुंपणाच्या भिंतीवर तिनं तो द्रोण ठेवला, बोटानं पाणी फिरवलं आणि दोन पावलं मागं सरून उभी राहिली.

हे काय चाललंय ते कळलं नाही असं माणूस तिथं एकही नव्हतं. आठवड्यापूर्वीपर्यंत प्रत्येकानं आपापल्या गच्चीवर हेच केलं होतं. पण मंडळाच्या दप्तरी जो माणूस हयात आहे त्याचा हा घास आहे, असं म्हणायचं कोणी?

कावळा येईना. हल्ली कॉलनीत कावळे तरी कुठं उरलेत. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मग एक आला, विजेच्या तारेवर बसला आणि मान वाकडी करून मांडवाकडे पाहू लागला. खाली उतरेना. चतुराबाई हलेना. ती जेवेना म्हणून पंगत बसेना. पोरं रडू लागली. वाढपी वड्यांच्या पातेल्याचं तोंड पंच्यानं झाकून उभे राहिले.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशाततरी अडकलाय, आणि ते ओळखून शब्द द्यावा लागतो, हे तर घरोघरचं. वामनराव हळूच भिंतीपाशी गेले. काल ज्याला त्यांनी सात माणसांदेखत जिवंत ठेवला होता त्यालाच हात जोडून म्हणाले, "देवीदासराव, चतुराबाईले आमी दरसाल बोलावू. शब्द देतो."

कावळा तारेवरच.

"त्यांच्या खोलीचे पत्रे मंडळ बदलून देईल," बँकवाल्याचा बाप म्हणाला. कावळ्यानं पिसं साफ केली.

माधवी आचलला कडेवर घेऊन पुढं आली. "मावशीले आमी अंतर नाही देणार," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. कावळा बसला होता तसाच बसून होता.

चतुराबाई इतका वेळ त्या द्रोणाकडे पाहत होती. आपल्याविषयी त्या माणसाचा जीव अडकेल असं तिला बावीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं, आताही वाटलं नाही. तिनं पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भावनाले घेऊन येतो मी पुढच्या वर्सी. माह्याशेजारी पाटावर बसवतो. तिले पह्यलं वाढतीन, मंग मले."

कावळा उतरला. त्यानं शब्द ऐकला की त्याला तूप दिसलं, हे त्याचं त्याला ठाऊक. करपलेल्या कडेलाच त्यानं चोच लावली आणि पोळी उचलून कडुलिंबावर घेऊन गेला.

चतुराबाई पाटावर येऊन बसली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही. "वाढ वं माधवी," ती म्हणाली, "हे निवलं सगळं. गरम वाढ."

भावना कोण, कुठली, तिचे यजमान काय करतात, हे कोणीही विचारलं नाही. पंगत उठल्यावर वामनरावांनी तिथंच टेबलावर मंडळाचं रजिस्टर उघडलं आणि आपल्या वळणदार अक्षरात नोंद केली : पुढील वर्षी अष्टमीस सवाष्णी दोन. दाखले मागविण्यात येऊ नयेत.